मधली वाट विचारू नका

विमानतळ आला, पनवेलच्या आसपासच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि पाठोपाठ भाऊबंदकीही आली. (ती आधीही होतीच, आता तिला चौरस फुटाचा दर मिळाला.) एकाच सातबाऱ्यावर नाव असलेल्या दोन भावांना लग्नाच्या पंगतीत शेजारी बसवायचं, तर कुणा मामाला दोघांच्या पाठीला हात लावून चांगला नेट लावावा लागतो. तो नेट वाया जात नाही. दोघांमधल्या वीतभर जागेत साठून राहतो आणि मामाने हात काढला की दोघे विरुद्ध दिशांना सुटतात. सारख्या विद्युतप्रभारांचंही हेच. फक्त तिथे वकील लागत नाही.

बारावीच्या मुलांना यावर हमखास गणित येतं. एकेक ग्रॅमच्या दोन गोळ्या, दोन्हींवर एक-एक मायक्रोकुलोंब धन प्रभार, मध्ये दहा सेंटिमीटर अंतर. सोडून दिल्या, तर खूप लांब गेल्यावर प्रत्येकीचा वेग किती? क्लासातलं चुणचुणीत पोर लगेच बल काढतं: ०.९ न्यूटन. त्यावरून त्वरण ९०० आणि मग अकरावीत घोकलेलं समान त्वरणाचं सूत्र. त्यात ‘खूप लांब’ घातलं की वेगही अमर्याद! एक ग्रॅमची गोळी प्रकाशाला मागे टाकून निघते आणि पोर उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळं होतं.

घोटाळा असा, की अंतर दुप्पट झालं की बल चौथाई होतं, तिप्पट झालं की नवमांश. त्वरण समान राहतच नाही. मग पावलोपावली बदलणाऱ्या बलामागे धावायचंच कशाला? सुरुवातीला साठलेली स्थितिज ऊर्जा ०.०९ ज्यूल. लांब गेल्यावर ती सगळी गतिज झाली, दोघींत निम्मी-निम्मी वाटली. वेग सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर. संध्याकाळी बाजारपेठेत रिक्षाला एवढा मिळाला तरी पुष्कळ. एक गोळी तिप्पट जड असेल, तर ऊर्जेच्या जोडीला संवेगही धरावा लागतो आणि ऊर्जेचा तीन चतुर्थांश वाटा हलकीला जातो. भावांच्या वाटणीत असं झालेलं माझ्या तरी पाहण्यात नाही.

हे नुसतं परीक्षेपुरतं नाही. सोन्याच्या अणुकेंद्राकडे निघालेला अल्फा कण जास्तीत जास्त किती जवळ जाऊन थांबेल, हे रदरफर्डने १९११ साली याच हिशेबाने मांडलं. आणि आपल्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९८८ पासून १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन हा कणत्वरक आहे. त्यात ऋण आयन मधल्या धन टोकाकडे ओढला जातो. तिथे कार्बनच्या पातळ पापुद्र्यातून जाताना त्याचे इलेक्ट्रॉन उतरवले जातात, तो धन होतो आणि ज्याने बोलावलं तेच टोक त्याला पुढे हाकलतं. हायड्रोजनचा आयन असेल, तर एकाच व्होल्टेजची कमाई दोनदा होते.

असा हा ऊर्जेच्या अक्षय्यतेचा गुणी नियम, पण त्याला घड्याळ कळत नाही. लोकलच्या मिनिटांवर जगणाऱ्या पनवेलकराला ही उणीव चांगलीच खटकेल. तेव्हा सीईटीला बसणाऱ्या मुलांनो, प्रश्न शेवटपर्यंत वाचा. वेग किंवा अंतर विचारलं असेल, तर सुरुवातीची आणि शेवटची ऊर्जा मांडा, मधल्या वाटेकडे ढुंकूनही बघू नका. वेळ विचारली असेल, तर इंटिग्रेशनला पर्याय नाही. तो प्रश्न सगळ्यात शेवटी हातात घ्या.