अप्पांची सुप्रमा

आमच्या सोसायटीतले अप्पा महाराष्ट्र सोडून जाणार, ही बातमी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा थोडं कमी वाटलं. आता दर दिवाळीच्या आगेमागे ती येते आणि मी फक्त "या वेळी कुठे?" एवढंच विचारतो.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. चौतीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक अंदाजपत्रकं करण्यात गेली. ज्यांचा या खात्याशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, धरण बांधणं ही त्या कामातली शेवटची आणि काहीशी ऐच्छिक पायरी असते. आधी अंदाजपत्रक होतं, त्याला प्रशासकीय मान्यता मिळते. मग दरसूची बदलते, भूसंपादन महागतं, सिमेंट चढतं, आणि जुनं अंदाजपत्रक बाजूला ठेवून नवं करावं लागतं. त्याला म्हणतात सुधारित प्रशासकीय मान्यता. एवढं लांबलचक बोलायला खात्यात कोणाला वेळ नसतो, म्हणून सगळे 'सुप्रमा' म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटतं, साहेबांच्या मुलीचं नाव असेल. अप्पांनी ऐन उमेदीत अंदाजपत्रक केलेल्या एका कालव्यात त्यांच्या निरोपसमारंभापर्यंत पाणी आलेलं नव्हतं. त्याची त्यांना खंत नाही. "एस्टिमेट पक्कं होतं," ते म्हणतात.

अप्पांची जन्मतारीख १ जून १९६५. म्हणजे मास्तरांनी शाळेत टाकलेली. त्यामुळे ते ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले, आणि इथेच घोटाळा झाला. कारण ते वर्षच असं होतं, की देशातली सगळी सरकारं जणू अप्पा मोकळे होण्याची वाट बघत होती. मार्चमध्ये आपल्या एसटीने बायकांना अर्धं तिकीट केलं. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला १९७० पासून मिळणारी घरपट्टीतली ४० टक्के सवलत मधल्या काळात गेली होती, ती त्याच वर्षी परत आली. आणि अप्पांचा सत्काराचा नारळ फुटतो न फुटतो तोच, ११ जूनला, कर्नाटकाने बायकांना एसटी फुकट केली. हाताशी वेळ, डोक्यात चौतीस वर्षांची सवय आणि समोर दोन राज्यांच्या सवलती. अप्पांनी हिरव्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं आणि तांबड्या शाईने रकाने आखले: बाब, परिमाण, दर, रक्कम, शेरा.

"पुणं परवडत नाही," हे त्या रजिस्टरचं पहिलं वाक्य आहे. अप्पांचा फ्लॅट स्वतःचा, कर्ज फिटलेलं, पेन्शन चालू. पण त्या आठवड्यात इस्त्रीवाल्याने कपड्यामागे एक रुपया वाढवला होता.

पहिला नंबर गोव्याचा लागला. मी एका लग्नाला म्हापशाला निघालो होतो. अप्पांनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. मला वाटलं काजू. चिठ्ठीत होतं: नारळ (मध्यम), सिलिंडर घरपोच, इस्त्री प्रतिनग, कटिंग (साधी), कोथिंबीर जुडी. "जुडीचा घेर पण बघ," त्यांनी बजावलं. "नुसता दर फसवा असतो." शुक्रवारचा बाजार होता म्हणून नारळ आणि कोथिंबीर निभावलं. पण न्हाव्याच्या दुकानात शिरून नुसता भाव विचारून बाहेर पडायची माझी छाती झाली नाही. गेलो, बसलो, आणि वऱ्हाडी मंडळी म्हापशात जेवत असताना माझी कटिंग झाली. लग्नाच्या फोटोत मी सैन्यात भरती झाल्यासारखा दिसतो. अप्पांनी शेरा लिहिला, 'दर समाधानकारक, दर्जा पाहिला.'

गोव्याच्या बाजूने त्यांचा मोठा मुद्दा व्यवसायकराचा होता. आपल्याकडे पगारदाराला दरमहा दोनशे रुपये व्यवसायकर कापतात आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर २५००. राज्यघटनेने २७६ व्या कलमात तेवढीच मर्यादा घातली आहे. गोव्यात हा कर नाही. "वर्षातला सगळ्यात आखूड महिना," अप्पा अजून तावातावाने सांगतात, "आणि त्यातच शंभर रुपये जास्त! चौतीस फेब्रुवारी मी हे सोसलंय."

"पण अप्पा, तुम्ही आता पेन्शनर. तुम्हाला व्यवसायकर लागतच नाही."

"मला नाही लागत. पण असा कर असलेल्या राज्यात का राहायचं?"

खरं म्हणजे अप्पांचा जन्म थोडा उशिरा झाला. पूर्वी दर राज्याची करांची वेगळी तऱ्हा होती, नाक्यानाक्यावर जकात होती. त्या काळात त्यांना दहा रजिस्टरं पुरली नसती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि साबणापासून पंख्यापर्यंत सगळ्याचा कर देशभर एक झाला. इन्कम टॅक्स तर आधीपासून केंद्राचाच, कुठेही जा, सुटका नाही. बाहेर उरलं ते मुख्यतः पेट्रोल आणि दारू. दारू अप्पा पीत नाहीत, आणि स्कूटरला महिन्याला सहा लिटर पेट्रोल लागतं. गोव्यात लिटरमागे सात-आठ रुपये वाचतात. म्हणजे महिन्याला पन्नास रुपयांच्या आतबाहेर. एवढ्यासाठी शिवरायांचा महाराष्ट्र सोडायचा का, असं मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, "मी बारा महिन्यांचे धरलेत."

मध्ये एकदा सिक्कीम आलं होतं. इन्कम टॅक्सला देशात एक भोक आहे, ते म्हणजे सिक्कीमी माणसाला तिथल्या उत्पन्नावर हा कर नाही, हे कुठेतरी वाचून ते रात्री साडेदहाला आमच्याकडे आले. स्वेटर किती लागतील याचा हिशेब तयार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा उतरलेला. त्यासाठी २६ एप्रिल १९७५ च्या आधीपासून घराणं तिथे वसलेलं हवं, असा निकाल. "तेव्हा मी चौथीत होतो रे," अप्पा म्हणाले. वडिलांनी एवढासुद्धा पुढचा विचार केला नाही, हे दुःख त्यांना दोन दिवस पुरलं. हिमाचलाचं पान अर्ध्यावरच संपलं, कारण तिथे बाहेरच्या बिगरशेतकऱ्याला सरकारच्या परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही आणि साताऱ्याकडचा अकरा गुंठ्यांचा सातबारा तिथे कोणी विचारत नाही. इंदूर पोह्यांवर पास झालं आणि पेट्रोलवर नापास. ते पुण्यापेक्षाही महाग निघालं.

मग बेळगाव. यामागचं तर्कशास्त्र मला आजही निर्दोष वाटतं. म्हापशाच्या भाजीचे भाव बघून अप्पांनी चौकशी केली, तर गोव्याला भाजी आणि दूध मोठ्या प्रमाणावर बेळगावाहून जातं असं कळलं. "मग आपण भाजीच्या मागे गोव्याला कशाला जायचं? भाजी जिथून निघते तिथेच जाऊन राहू." शिवाय बेळगावात मराठी चालते, हवा पुण्याची जुनी हवा, आणि मुख्य म्हणजे सवलती. २०० युनिटपर्यंत वीज मोफत! अप्पांनी हे वाचून घरातले दोन दिवे आनंदाने लावले. पुढे बारीक अक्षरात होतं, की किती युनिट मोफत मिळणार हे मागच्या वर्षीच्या सरासरी वापरावरून ठरतं. नव्याने गेलेल्या माणसाला तिथलं मागचं वर्ष कुठून असणार? एक दिवा त्यांनी मालवला.

पण बसची सवलत मात्र पक्की होती. तो प्रसंग माझ्या समोर घडला. अप्पांच्या पत्नी माई पंख्याखाली बसून मेथी निवडत होत्या. अप्पांनी टीपॉयवरची मेथी हाताने सरकवली आणि रजिस्टर उघडलं.

"हे बघ. आपण बेळगावला राहतोय. पुण्याला यायचंय, समज. आधारवर तिकडचा पत्ता आला, की कर्नाटकच्या साध्या गाडीत तुला फुकट. पण ती सवलत त्यांच्या हद्दीपुरती, पुण्याच्या थेट गाडीला नाही. आपल्या एसटीचं अर्धं तिकीटही आपल्या हद्दीपुरतंच. मग काय करायचं? बेळगाव ते निपाणी, तू फुकट. निपाणीला उतरायचं. तिथून कोगनोळी, पुन्हा फुकट. उतरायचं. तिथून रिक्षाने कागल. कागलला आपली लाल गाडी धरायची, थेट पुण्यापर्यंत अर्ध्यात."

माईंनी एक काडी मोडली. "आणि तुम्ही?"

"मी थेट गाडीने येणार. मला कुठे सवलत आहे?"

"आणि पिशव्या?"

"पिशव्या माझ्याकडे दे. त्यांना काय, इकडूनही तेवढंच."

माई काही बोलल्या नाहीत. निवडलेली मेथी घेऊन आत गेल्या, आणि त्या रात्री अप्पांना मुगाची खिचडी मिळाली. रजिस्टरमध्ये बेळगावच्या पानावर शेरा आहे, 'सुप्रमा प्रलंबित.' खात्यात मान्यता मंत्रालयातून येते. इथे मंत्रालय स्वयंपाकघरात आहे आणि फायलीवर तिथे अजून सही झालेली नाही. मधल्या काळात तिकडचं नंदिनीचं दूध स्वस्त आहे असाही एक पूरक प्रस्ताव गेला होता. "चहा तुम्हीच करून प्या मग," या शेऱ्यासह परत आला.

लोक अप्पांना हसतात. मी पण हसतो, पण थोडं जपून. माझा भाचा बंगळूरला गेला तेव्हा पगाराचा आकडा बघून गेला, बाकी काही बघितलं नाही. तिथे घरमालकाने दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट मागितलं आणि वाढलेला पगार पहिल्या झटक्यात त्याच्या हातात गेला. व्यवसायकर इथल्यासारखाच कापला गेला. गाडी एमएच-१२ ची होती, आणि परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर आरटीओची एनओसी, नवा नंबर, तिकडचा रोड टॅक्स. हे त्याला पंधराव्या महिन्यात ट्रॅफिक हवालदाराने समजावून सांगितलं. जाण्याआधी तो अप्पांकडे अर्धा तास बसला असता तर त्यांनी हे सगळं तांबड्या शाईत लिहून दिलं असतं. फरक एवढाच, की मग तो गेलाच नसता.

कारण अप्पांच्या हिशेबात जाण्याच्या बाजूला जेवढ्या रकमा जमतात तेवढ्याच न जाण्याच्या बाजूलाही जमतात, आणि ते दोन्ही बाजू सारख्याच प्रामाणिकपणे लिहितात. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला की 'स्वतः राहतो' ही अट मोडते आणि घरपट्टीतली ४० टक्के सवलत जाते. सवलतीचा पीटी-३ फॉर्म त्यांनी स्वतः रांगेत उभं राहून भरलाय, तो सोडवत नाही. स्कूटरचा रोड टॅक्स पंधरा वर्षांचा भरलेला, तो २०२९ ला संपतो. आणि घरपट्टी मुदतीत भरली की सूट मिळते म्हणून ती दर वर्षी सुरुवातीलाच पूर्ण भरून टाकतात. मग भरलेल्या घरपट्टीचं वर्ष वाया कसं घालवायचं?

एक पॅकर्सवाला आहे. पहिल्या वर्षी तो कपाटं मोजून कोटेशन देऊन गेला. दुसऱ्या वर्षी सुधारित कोटेशन दिलं. यंदा आला तेव्हा त्याने टेप बाहेर काढलीच नाही, चहा घेतला, डिझेल वाढल्याचं सांगितलं आणि अप्पांनी ते लिहून घेतलं. जाताना माईंना विचारून गेला, "काकू, नातवाची मुंज कधी?"

भाचा दीड वर्षाने पुण्यात परत आला आणि घर शोधू लागला. मी मोठ्या आशेने अप्पांकडे शब्द टाकला. "दिवाळीनंतर रिकामाच होतोय आपला," ते म्हणाले, "दुसऱ्या कोणाला सांगू नकोस." अकरा महिने त्याने सामान माझ्या गॅलरीत ठेवून वाट बघितली आणि शेवटी वाकडला गेला.

परवा अप्पा रजिस्टर घेऊन आले होते. नवीन पान. राज्याचं नाव लिहायच्या जागी फक्त 'महाराष्ट्र (तुलनेसाठी)' असं होतं. आपल्या एसटीत ६५ पासून ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि पंचाहत्तरी ओलांडली की राज्यभर फुकट. "एवढ्या वर्षांची सवलत हातची घालवून परराज्यात जायचं म्हणजे मूर्खपणा," ते म्हणाले. "आधी ती पदरात पडू दे. मग निघू."

तेव्हा आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एक टू-बीएचके रिकामा होतोय असं तुमच्या कानावर आलं, तर पागडी, डिपॉझिट काही देऊन बसू नका. अप्पांची पंचाहत्तरी १ जून २०४० ला आहे.