मी नाही, स्कॅन म्हणतोय

आमच्या सॉफ्टवेअर टीमचा सिक्युरिटीवाला इतका भिडस्त, की कँटीनमध्ये चुकून दुसऱ्याची भाजी ताटात आली तर मुकाट्याने खाईल. पूर्वी रिलीजच्या आदल्या रात्री हा दबकत यायचा. "एक जरा बघायचं होतं..." एवढ्यात आम्ही "पुढच्या रिलीजला" म्हणून त्याची बोळवण करायचो. हिंजवडीत असे पुष्कळ सापडतील.

मग डिसेंबर 2021 मध्ये लॉगफोरजेचं प्रकरण फुटलं. जावा प्रोग्रामांच्या नोंदी ठेवणारी साधी लायब्ररी, पण तिच्यातल्या भोकाला धोक्याचे दहापैकी दहा गुण. (आम्हाला शाळेत कधी मिळाले नाहीत.) ती आपल्याकडे आहे का, हेच कुणाला सांगता येईना. आपण तिला बोलावलंच नव्हतं. लग्नात पाहुण्यांबरोबर त्यांचे पाहुणे येतात, तशी ती दुसऱ्या लायब्रऱ्यांचं बोट धरून आत आली होती. त्या धावपळीत आमच्या सिक्युरिटीवाल्याने सगळ्या पाइपलाइनींत भोकं शोधणारा स्कॅन बसवून टाकला. आता कोड पुश केला की स्कॅन आपोआप चालतो, क्रिटिकल काही सापडलं की बिल्ड लाल, आणि मर्जचं बटण दाबलं तरी ढिम्म.

तेव्हापासून या माणसाला कंठ फुटला. मॅनेजर तणतणत आले की हा चहा फुंकत म्हणतो, "मी कुठे अडवतोय सर? स्कॅन म्हणतोय." सासू स्वतः कधी काही म्हणत नाही, लोक म्हणतात, त्यातलाच प्रकार.

स्कॅनही तसा संशयी. एकदा आमच्या मराठी स्क्रीनच्या फाइलीत 'पासवर्ड' या शब्दासमोर 'इथे लिहा' असं होतं. गुपित उघड्यावर पडलं म्हणून त्याने बोंब ठोकली आणि रिलीज दुपारभर लटकलं. अशा खोट्या बोंबा गप्प करायला एक इग्नोर फाइल असते. तिच्यात प्रत्येक ओळीला कारण द्यायचं, असा याचा दंडक. आमची कारणं : 'तात्पुरतं', 'नंतर बघू', 'सरांनी सांगितलंय'. पहिल्या 'तात्पुरतं'ला तीन वर्षं झाली. आम्ही त्याचा वाढदिवस करणार होतो.

मार्च 2024 मध्ये मात्र गडी खचला. लिनक्समधल्या एक्सझेड लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवली होती. आपला स्कॅन आवृत्त्या ताडून बघतो त्या माहीत असलेल्या भोकांच्या यादीशी. यादीत नसलेल्या चोराला तो वाकून नमस्कार करतो. चोरवाट पकडली ती आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, तीही लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या एवढ्याशा खटकण्यावरून. आठवडाभर आमचा गडी कुणाशी बोलला नाही.

परवा कॉफी मशीनपुढे रांग खोळंबली. बघतो तर हा मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभा.

"नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त घेतंय."

"कोण म्हणतं?"

"मी."