कंदीलकाका

जिन्यात गाठून "तुमचं बनियन शंभर टक्के सुती आहे ना हो?" असं विचारणारा माणूस आमच्या सोसायटीत एकच. पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी नकळत शर्टाची वरची गुंडी लावून घेतली होती.

काका हातकागद करतात. मागच्या बाल्कनीत दोन टब: एकात चिंध्या, दुसऱ्यात त्यांचा लगदा. जाळीची चौकट लगद्यात बुडवून आडवी उचलली की पाणी गळतं आणि जाळीवर सायीसारखा थर राहतो. तो घोंगडीच्या तुकड्यावर पालथा घालायचा, दाबायचा, वाळवायचा. जुलैत तो वाळत नाही. मग काकूंच्या दांडीवर कागद आणि काकूंच्या साड्या आमच्या दांडीवर. "पेशव्यांच्या दफ्तराला कागद जुन्नरहून यायचा," असं काका अशा वेळी सांगतात. त्याचा आमच्या दांडीशी काय संबंध, हे मी अजून विचारलेलं नाही.

कागद वाळला की ते शाईनं रेघा ओढतात, त्याही मागच्या बाजूनं. समोरून कागद कोरा. कागदामागे दिवा लागला की रेघा वर येतात, जिथे लगदा जाड पडला तिथे सावली धरते, आणि खरं सांगायचं तर माणूस दोन मिनिटं गप्प होतो. गुरुवारी वीज गेली की मात्र काका दाराशी येऊन सांगतात, "आज काही नाही."

त्यांना कंदीलकाका म्हणायला सुरुवात केली ती पोरांनी. काकांना तो शब्द लागतो. "कंदील दिवाळीपुरता. ही मांडणी आहे, इन्स्टॉलेशन! नोगुचीलाही लोक हेच म्हणाले. 1986 साली व्हेनिसच्या बिएनालेत अमेरिकेच्या दालनात त्यानं कागदी दिवे मांडले, तर म्हणे हे कसलं शिल्प!"

मी घरी जाऊन वाचलं. इसामु नोगुची 1951 साली जपानात गिफूला गेला. ते गाव कंदिलांचंच. बसलेला धंदा सावरायला मदत करा, असं तिथल्या महापौरांनीच त्याला सांगितलं, आणि त्यातून तुतीच्या सालीचा कागद आणि बांबूच्या काड्यांचे ते दिवे झाले. म्हणजे मुळात कंदीलच की! हे सांगितल्यावर काका चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "जपानी कंदील वेगळा."

गेल्या महिन्यात त्यांचं प्रदर्शन झालं. अंधाऱ्या खोलीत पुरुषभर उंचीचे नऊ कागद छतापासून लोंबत होते. एका कागदासमोर जाड चष्म्याच्या बाई बराच वेळ उभ्या. "ही निळी रेघ," त्या म्हणाल्या, "किती बिचकत आलीय! सगळ्या काळ्या रेघांत एकटी."

काका खोटं बोलत नाहीत, हा त्यांचा मोठा दोष. "ती माझी नाही. लगद्यात दोरा राहिलाय," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यांच्या बनियनच्या लेबलाचा."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे, मग पुन्हा माझ्याकडे, जरा जास्तच आदरानं. मी नमस्कार केला.

शेजारी उभी असलेली आमची ही तोवर किमतीच्या चिठ्ठीपर्यंत पोचली होती. चिठ्ठी दोनदा वाचून ती वळली आणि म्हणाली, "म्हणजे ते बनियन वाऱ्यानं उडालं नव्हतं तर!"