फुकटात मिळेल, मोकळं नाही

इंग्रजी बिचारी गरीब. तिच्याकडे ‘फ्री’ हा एकच शब्द. म्हणून फ्री सॉफ्टवेअर चळवळ सुरू करणारा रिचर्ड स्टॉलमन इतकी वर्षं जगाला समजावत फिरतोय, की बाबांनो, मी बिअर फुकट वाटत नाहीये, स्वातंत्र्याबद्दल बोलतोय. आपल्याकडे फुकट वेगळं, मोकळं वेगळं, मुक्त वेगळं. विरार लोकलमध्ये ‘सीट मोकळी आहे का’ असंच विचारतो आपण. तरी वसई स्टेशनबाहेरच्या डीटीपीवाल्याला ‘फ्री सॉफ्टवेअर’ म्हणा, तो लगेच पेन ड्राइव्ह काढतो. “क्रॅक आहे ना काका, टाकून देतो!”

क्रॅक, म्हणजे कुलूप तोडलेलं चोरीचं सॉफ्टवेअर, फुकट असतं, मुक्त नसतं. स्टॉलमनची स्वातंत्र्यं चार, आणि मोजणी शून्यापासून (प्रोग्रामर ना!): हवं त्या कामाला चालवा, आतलं बघा-बदला, प्रती वाटा, बदललेल्याही वाटा. फुकटाची अट कुठेच नाही. 1985 साली खुद्द त्यानेच आपला इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर टेपवर भरून 150 डॉलरला विकला.

वसईकराला हे मी काय सांगावं? बावखलात, म्हणजे आपल्या वाडीतल्या उघड्या तळ्यात, किती पाणी आहे ते वाकून बघता येतं, गाळही आपणच काढायचा. पण बावखलं बुजवून टँकरची वाट बघणारी माणसं आपण.

सॉफ्टवेअरमध्येही आमचं तेच झालं. आमच्या मंडळाची 1997 सालची स्मरणिका सीडीवर जपून ठेवलेली. परवा उघडली, तर सगळीकडे कंस आणि डॉलर. तेव्हाच्या फॉन्टवाल्याने इंग्रजी चिन्हांच्या जागी आपल्या मर्जीने मराठी अक्षरं बसवलेली. वाचायची तर त्याचंच सॉफ्टवेअर हवं, आणि ते चालायला कॉम्प्युटरच्या पाठीत खोचायचं डोंगल. फोन केला. “ती आवृत्ती बंद झाली.” लेख आमचे, जाहिराती आमच्या, कुलूप त्यांचं.

आता मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले मुक्ता, बलू हे देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत. वापरा, बदला, वाटा. डीटीपीवाल्याला सांगितलं, तर म्हणाला, “फुकटचं आहे, भरवसा काय?” हे क्रॅकवाला म्हणतोय!

नवी स्मरणिका मुक्तामध्येच लावतोय. जुनी 64 पानं मात्र पुन्हा टाइप करावी लागणार. कुणाच्या माळ्यावर तेव्हाचं डोंगल पडलेलं असेल तर कृपया कळवा.