दिसणाऱ्या काडीचे अदृश्यत्व : एक मीमांसा

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन ही चार अंगे सांगावी लागतात. ती अशी. विषय : शिवणाच्या खाक्यावरून केलेली फोमची बाहुली. हिच्या डोक्यात कलावंताचा एक हात असतो आणि हिचे स्वतःचे हात मनगटाला लावलेल्या दोन काड्यांवर चालतात. अधिकारी : ज्याच्याजवळ धारदार कात्री आहे आणि घरात ती मागणारे दुसरे कोणी नाही, असा कोणीही. संबंध : कलावंताचा बाहुलीशी, कोपरापर्यंत. प्रयोजन : या काड्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही कोणालाच का दिसत नाहीत, याचा निकाल लावणे.

१. लक्षणप्रकरण

‘डोक्यात दुसऱ्याचा हात असताना जी बोलते ती’ ही व्याख्या प्रथमदर्शनी पुरेशी वाटते. परंतु तिच्यात अतिव्याप्तीचा दोष आहे, कारण सर्वपक्षीय प्रवक्ते तिच्यात सुखाने मावतात. नुसते ‘जी फोमची असते ती’ म्हणावे, तर गादी आणि सोफा आत शिरतात. म्हणून दोन्ही अटी एकत्र घ्याव्यात. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची कळसूत्री बाहुली यातून वगळली जाते, हे योग्यच होय. तिची सत्ता वरून, दोऱ्यांनी चालते. आपली खालून चालते.

२. उत्पत्तिप्रकरण

या संप्रदायाचे आद्य आचार्य जिम हेन्सन. अमेरिकेत १९५५ साली त्यांनी आईच्या जुन्या कोटाचे कापड घेतले, टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापून त्याचे दोन डोळे केले आणि कर्मिट घडवला. तो बेडूक आहे, हे ठरायला पुढे काही वर्षे गेली. १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवर ‘सेसमी स्ट्रीट’ सुरू झाले आणि या जातीच्या बाहुल्या घरोघरी पोहोचल्या. २००६ मध्ये ‘गली गली सिम सिम’मधून चमकी ही बाहुली आपल्याकडे आली.

एका उपेक्षित घटनेकडे येथे विद्वानांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. २००० साली टेबल टेनिसच्या चेंडूचा व्यास ३८ मिलिमीटरवरून ४० मिलिमीटर झाला. त्यामुळे नवीन चेंडूचे डोळे लावलेली बाहुली जगाकडे दोन मिलिमीटर अधिक विस्फारून पाहते. खेळाच्या नियमांचे बाहुलीशास्त्रावर झालेले हे आक्रमण अद्याप कोणी मनावर घेतलेले नाही.

३. कर्तनप्रकरण

खाका सपाट असतो, डोके गोल. या विरोधावर गणितज्ञ गाउसने १८२७ मध्येच निर्णय दिला आहे : सपाट पृष्ठ ताणल्या-चुरगाळल्याशिवाय गोलावर बसत नाही. प्रत्येक शिंप्याला हे गाउसशिवाय ठाऊक असते, म्हणून तो टक्स घालतो. अर्धा इंच जाडीच्या फोमलाही तेच करावे लागते. खाक्यावरची पाचर कापायची, दोन्ही कडा जुळवायच्या आणि चपटा तुकडा आपोआप कवटीसारखा फुगतो.

फोमला शिवणीची माया सोडत नाहीत, कारण कडेला कड भिडते. त्याच्यावर चढवायच्या फ्लीसच्या कापडाला सोडतात. फोमलाही माया सोडली, तर डोके फुगून नायकाचा खलनायक होतो. शिवाय फोम कापताना पाते काटकोनात धरावे लागते. तिरकी कड तिरकीच भिडते आणि बाहुलीच्या टाळूवर डोंगररांग उगवते.

कडा जोडायला चप्पल दुरुस्तीवाले वापरतात ते रबरी सोल्यूशन लागते. दोन्ही कडांना लावावे, खिडकी उघडी ठेवावी आणि थांबावे. किती, याविषयी उतावळे आणि संयमी असे दोन पक्ष आहेत. उतावळ्यांच्या मते ओले असतानाच जोडावे. त्यांच्या बाहुल्या उकलतात. संयमी बोट लावून बघतात आणि बोटाला काही लागेनासे झाले की जोडतात. ही जोडणी एकदाच होते. नंतर पश्चात्तापाला जागा नाही, आणि मायाही नाही.

४. गोपनप्रकरण

यापुढचे सारे शास्त्र लपवण्याचे आहे. फोम फ्लीसखाली लपतो. फ्लीसची शिवण, हेन्सन यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या टाक्याने, लव विंचरून लपवतात. फ्लीसचा ताण आडवा आणि लव खाली, असे खाक्यावरच्या बाणांनी सांगितलेले असते. बाण न पाळणाऱ्याची बाहुली एका गालाने उजळ आणि एका गालाने काळवंडलेली दिसते. कलावंताचा हात बाहीत लपतो. तोंडात पुठ्ठ्याचे ताट बसते, वर चार बोटे, खाली अंगठा. बोलताना वरची बोटे स्थिर ठेवून अंगठा खाली न्यायचा असतो. नाहीतर प्रत्येक शब्दाला कपाळ आढ्याकडे जाते आणि बाहुली बोलत नसून शिंकते आहे असे वाटते. तोंड दर अक्षराला एकदा उघडते : ‘स्वातंत्र्य’ म्हणताना जोडाक्षरे कितीही असोत, तीनदाच.

उजवा हात डोक्यात अडकल्याने काडी डाव्या हाती येते, आणि म्हणूनच या कुळातल्या बहुसंख्य बाहुल्या डावखुऱ्या असतात. स्वभावाने नव्हे, व्यवस्थेने.

इतके सारे झाकून झाल्यावर मनगटापासून खाली दोन काड्या उघड्याच राहतात.

५. वादप्रकरण

पूर्वपक्ष : काडी बारीक असते, म्हणून दिसत नाही. हे अग्राह्य. छत्रीची काडी पिवळ्याजर्द बाहुलीपुढे लांबून दिसते, आणि काळी रंगवली तर अधिकच.

दुसरा पक्ष : प्रेक्षकांना सवय झालेली असते. हेही अग्राह्य. आयुष्यात पहिल्यांदा बाहुली बघणारे मूलही नाव विचारते ते बाहुलीला, काडीला नाही. जपानच्या बुनराकूत तर एकेका बाहुलीमागे तीन माणसे रंगमंचावर उभी असतात आणि मुख्य कलावंत सहसा चेहराही झाकत नाही. तरी प्रेक्षक रडतात ते बाहुलीसाठी.

भाट्ट मीमांसक अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानतात : वस्तू उपलब्ध होत नाही, म्हणून ती नाही. येथे वस्तू आहे, समोर आहे, हलते आहे, आणि तरी उपलब्ध होत नाही. कुमारिल भट्टांपुढे ही बाहुली ठेवता आली असती, तर शास्त्रार्थ एक दिवस तरी लांबला असता.

६. सिद्धांत

उत्तर काडीत नाही, बुबुळात आहे. हेन्सन यांचे बाहुलीकार डॉन साहलिन डोळे आणि नाक यांच्या त्रिकोणाला फार जपत आणि डोळे सर्वांत शेवटी, पारखून बसवत. बुबुळे अगदी मधोमध ठेवली, तर बाहुली भिंतीपलीकडे बघते. किंचित नाकाकडे सरकवली, तर तिची नजर एका बिंदूवर येते. तो बिंदू म्हणजे प्रेक्षक. आपल्याकडे कोणीतरी रोखून बघते आहे हे कळल्यावर माणूस त्याच्या मनगटाकडे पाहत बसत नाही.

म्हणून निकाल असा : नजर जमली की काडी नाहीशी होते, नजर चुकली की काडी, शिवण, टक्स आणि खालचा घामाघूम कलावंत, सगळे एकदम दिसू लागते. बुबुळे आधी टाचणीने तात्पुरती लावावीत, दहा पावलांवरून बघावीत आणि मगच चिकटवावीत.

वाचकांना एकच विनंती. खाका छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करा आणि कोपऱ्यातला तपासणीचा चौकोन पट्टीने मोजा. तो एक इंचाचा सांगितलेला असून एक इंच भरला नाही, तर वरची सहाही प्रकरणे निष्फळ आहेत : बाहुलीत तुमचा हातच जाणार नाही.