पन्नास रुपयांचं अमरत्व

बातमीदार एका दिवसापुरतं लिहितो, यावर आमचा फार भरवसा. सकाळी बातमी, दुपारी पुडी, भजी संपली की चूकभूल माफ. सरकारने हा हिशेब बिघडवला. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पुस्तकं धाडण्याच्या 1954 च्या कायद्यात 1956 साली वर्तमानपत्रंही आली. तेव्हापासून प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याला गेलीच पाहिजे. न गेल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत. तेवढ्यात आता मिसळही येत नाही. म्हणजे आमचं अमरत्व शेवटी छापखान्यातल्या पार्सलवाल्याच्या हाती.

निवृत्तीनंतर मी या ग्रंथालयाच्या संग्रहांवर लिहायला बसलो. आशुतोष मुखर्जींची ऐंशी हजारांवर पुस्तकं तिथे आहेत. शिवाजी महाराजांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे जदुनाथ सरकार यांचाही संग्रह आहे. आपल्या रियासतकार सरदेसायांशी त्यांची दोस्ती आयुष्यभराची, पत्रापत्रांतून मुरलेली. लिहायला इतकं असताना माझं डोकं मात्र एकाच ठिकाणी अडलेलं: माझ्या सिद्धगडाच्या बातम्या तिथे असतील का?

असल्याच, तर सगळ्या एकसारख्या. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे स्वातंत्र्यलढ्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी तिथे अभिवादनाला माणसं जमतात. मुरबाडहून मी बातमी धाडायचो; गेल्या वर्षीच्या बातमीत प्रमुख पाहुण्यांचं नाव बदललं की काम झालं. नारिवली गावात ओटीवर म्हाताऱ्यांनी सांगितलेलं मात्र मी आवर्जून शेवटच्या परिच्छेदात घालायचो: विजेचे मनोरे पाडणाऱ्या त्यांच्या आझाद दस्त्यातल्या पोरांना रानात भाकरी कोण पोचवायचं, पोलीस आले की घरातलं कोण काय थाप मारायचं. पण जागा कमी पडली की डेस्क बातमी खालून कापतो, हा धंद्याचा नियम. पाहुणे वर, म्हणून पाहुणे सुरक्षित.

तेव्हा उद्या कुणी संशोधक कोलकात्यात ते अंक काढून बसला, तर व्यासपीठावर कोण कोण होतं हे त्याला क्रमवार मिळेल. भाकरीचा पत्ता हवा असेल तर त्याने मुरबाडची एसटी धरावी. मी घरीच असतो. शेवटचे परिच्छेद सगळे तोंडपाठ आहेत, आणि इथे जागेची अडचण नाही. फक्त चहा दोनदा प्यावा लागेल.