शेवट सांगत नाही

आमच्या वाचनालयातल्या काकांना ‘कादंबरी कशी वाटली?’ असं कधी विचारावं लागत नाही. परत करायचं पुस्तक छातीशी धरून ते येतात, दारात चपला काढता काढताच “हादरलो!” म्हणतात, आणि काउंटरपाशी जो कुणी उभा असेल त्याची संध्याकाळ तिथेच संपते.

कादंबरीचा दर्जा काका प्रकृतीवरून ठरवतात. चहा निवला, काटा आला, झोप उडाली, गॅसवरची भाजी करपली, असा तो चढता क्रम आहे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची छोटेखानी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, नाझींच्या तावडीतून सुटलेले ज्यू निर्वासित, त्यांच्यातली हॅर्टा आणि मायदेशी परतणारा चक्रधर. काकांनी यातलं अवाक्षर काढलं नाही. “मला बोट लागली हो!” म्हणाले, आणि मग आलं-लिंबाचा रस किती वेळा घ्यावा लागला ते सविस्तर सांगितलं. समीक्षकांपेक्षा मला काका परवडतात, ते यासाठीच. करपलेल्या भाजीचा वास खोटा नसतो.

“शेवट मात्र सांगत नाही हं,” हे त्यांचं ब्रीद. ‘मृत्युंजय’मधल्या कर्णाचं पुढे काय झालं, हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’बद्दल विचारलं तर डोळे मिचकावून म्हणतात, “कोण जिंकतं ते वाचाच!” ‘स्वामी’तल्या माधवरावांच्या दुखण्याला उतार पडतो की नाही, हेही गुलदस्त्यातच. हॅर्टाचं काय होतं ते मात्र त्यांनी माझ्या पावतीवर शिक्का पडायच्या आत सांगून टाकलं. मी ते इथे लिहीत नाही. कुणाची वाचायची राहिली असेल.

दुसरं म्हणजे, काकांना प्रत्येक कादंबरीत काकाच भेटतात. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो. काकांची एकदा बँकेने तालुक्याच्या गावी बदली केली होती, वर्षभर, घरभाडं आणि दर शनिवारी घरी यायची मुभा धरून. तेवढ्यावर मास्तर गेला बाजूला. दुष्काळाने वाडी उठते तिथे तर काकांचा आवाजच बसला. “अगदी अस्संच,” म्हणाले, “मार्च एंडनंतर आमच्या शाखेत कुत्रं फिरकत नसे.”

पु. शि. रेग्यांची ‘सावित्री’ संपूर्ण पत्रांतून उलगडते. ती वाचल्यावर काकांनी स्वयंपाकघरात असलेल्या काकूंना दिवाणखान्यातून पत्र लिहिलं. काकूंनी उलट टपाली उत्तर दिलं, त्याच कागदाच्या पाठीमागे: तूरडाळ एक किलो, हिंग, काडेपेटी. काका तो कागद अजून पाकिटात बाळगतात आणि फक्त पुढची बाजू वाचून दाखवतात. काकूही वाचतात, बरं का. त्यांचा अभिप्राय “बरी आहे” एवढाच असतो, आणि तो दिल्यावर त्या तेच पुस्तक आणखी आठवडाभर ठेवून घेतात. दंड काका भरतात.

काकांच्या हातून आलेलं पुस्तक ओळखायला वेळ लागत नाही. समासात पेन्सिलीने ‘वा!’, ‘खरं आहे’, ‘इथे डोळे पाणावले, रात्री १.४०’ असं ठिकठिकाणी असतं. ग्रंथपाल बाई खोडरबर घेऊन बसतात, पण पुरत नाहीत. परवा मी ‘बनगरवाडी’ पुन्हा घरी आणली. दुष्काळाच्या पानावर काकांचं टपोरं अक्षर होतं: ‘हे मी भोगले आहे.’ त्याखाली कुणीतरी निळ्या बॉलपेनाने लिहिलं होतं, ‘काका, पुरे.’

आणि त्याच्याही खाली, पुन्हा पेन्सिलीने: ‘कोण आहे? सभासद क्रमांक लिहा.’